गोलाच्या कडेला

मन्मथप्पा त्या दिवशी अंबाजोगाईला गेले ते एक रिंग आणायला. बांगडीएवढी, काळी, धातूची. जुनं भिंग नव्या डिजिटल कॅमेऱ्याला थेट बसत नाही, मध्ये अशी रिंग घालावी लागते. कुरिअरवाल्यानं डबी कानाशी हलवून विचारलं, शेठ, सोन्याची हाय का? मन्मथप्पा म्हणाले, सोन्याची असती तर तुझ्या भरवशावर सोडली असती का?

घाटनांदूरच्या स्टेशन रस्त्याला त्यांचा फोटो स्टुडिओ. शाळा सातवीपर्यंत, बाकी सगळं गिऱ्हाइकांनी शिकवलं. ते भिंग त्यांनी हैदराबादच्या जुन्या बाजारात उचललं होतं. विकणारा म्हणाला, बिघडलेलं आहे, सगळं वाकडं दिसतं. मन्मथप्पांनी मान डोलावली आणि बिघडलेल्याचाच भाव केला. भिंग बिघडलेलं नव्हतं. ते फिशआय होतं, माशाच्या डोळ्यासारखं, पुढची काच म्हशीच्या बुबुळासारखी फुगलेली. समोरचं तर दिसायचंच, पण फोटो काढणाऱ्याच्या डाव्या-उजव्या कोपराशी कोण उभं आहे तेही दिसायचं. पहिला फोटो जुन्या रोलच्या कॅमेऱ्यावर काढला, त्यात त्यांचं स्वतःचं पोट आलं होतं, तेव्हा गंगासागर पदर तोंडाला लावून हसली होती. “आवं, गिऱ्हाइकाचा काढायचा की तुमच्या ढेरीचा?”

गंगासागर म्हणजे त्यांची बायको. लगीन झाल्यापासून ती त्यांना ‘आवं’ म्हणायची, दुसरं काही नाही.

आता हे भिंग हवं कशाला, तर कामासाठी. लिंगायत घरात माणूस गेलं की त्याला निजवत नाहीत. कपाळभर विभूती लावून, हार घालून, बसवतात, आणि मग सगळं घर भोवती उभं राहून शेवटचा फोटो काढून घेतं. खोली दहा बाय दहाची, माणसं तीस. साध्या भिंगात निम्मी भिंतीबाहेर राहतात, मग वर्षभर रुसवेफुगवे. मन्मथप्पांकडे हे भिंग आलं आणि रुसवे मिटले. स्टुडिओतली उंच पाठीची सागवानी खुर्चीही ते सोबत पाठवायचे. पंधरा वर्षांत त्या खुर्चीत गावातली किती माणसं शेवटची बसली, याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

गेल्या साली त्याच खुर्चीत गंगासागर बसली. सवाष्ण गेली म्हणून हिरवं लुगडं, हातभर हिरवा चुडा. फोटो मन्मथप्पांनीच काढला. दुसऱ्या कोणाला बोलवायचं? लेक अपेक्षा त्यांच्या उजव्या कोपराला चिकटून उभी राहिली. पुढे जा, आईजवळ उभी राहा, असं त्यांनी सांगितलं, तर ती रडत म्हणाली, इथंच राहते, तुमच्या भिंगात सगळंच येतंय की. पण कामाच्या तेव्हाच्या डिजिटल कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे आतली चित्र टिपणारी पाटी, लहान. भिंग गोल चित्र टाकायचं आणि सेन्सर त्यातला मधला चौकोन तेवढा उचलायचा. कडा कापल्या गेल्या. आईच्या शेवटच्या फोटोत अपेक्षा आली नाही. भांडली नाही ती, पण माहेरी आली की त्या फोटोसमोर उभी राहायची आणि एकदाच म्हणायची, “सगळे हायत. मीच न्हाई.”

ते मन्मथप्पांना लागून राहिलं होतं. म्हणून तर जावयानं, रुद्रेशनं, लातूरहून मोठ्या सेन्सरचा कॅमेरा आणून दिला तेव्हा त्यांनी दुसऱ्याच दिवशी रिंग मागवली. आता पूर्ण गोल येणार होता, कडेसकट.

रिंग आली त्याच आठवड्यात पेठेतले सिद्रामप्पा गेले. नव्वदीचे, तृप्त. मन्मथप्पा कॅमेरा घेऊन गेले. भिंग जुनं, त्यामुळे फोकस हातानं फिरवायचा. खोलीत कापूर, झेंडू आणि घाम यांचा कोंदलेला वास. त्यांनी चार फोटो काढले आणि स्टुडिओत येऊन संगणकावर लावले.

काळ्या चौकटीत पूर्ण गोल. मधोमध खुर्चीत सिद्रामप्पा, भोवती घर. खाली मन्मथप्पांच्या चपलांची टोकं. आणि उजव्या कडेला, त्यांच्या कोपराशी, आणखी एक जण उभा. कपाळावर विभूती, गळ्यात सिद्रामप्पांचाच हार, आणि कडेला ताणलेला चेहराही त्यांचाच. तो कॅमेऱ्याकडे बघत नव्हता. खुर्चीत कोण बसवलंय ते मान वाकडी करून बघत होता.

चारही फोटोंत तो होता.

काचेतलं प्रतिबिंब असेल, असं मन्मथप्पांनी ठरवलं. जुन्या भिंगांत होतं तसं. सिद्रामप्पांच्या घरी त्यांनी कडा कापूनच फोटो दिले. पण दुकान बंद करताना एक गोष्ट आठवली. गंगासागरच्या वेळी अपेक्षाला त्यांनी जरा सरकायला सांगितलं होतं, तर ती म्हणाली होती, सरकू कुठं, इकडं गर्दी हाय. त्या बाजूला तर कोणीच नव्हतं.

मग भिंग त्यांनी घरी नेऊन कपाटात ठेवलं.

दोन महिन्यांनी अपेक्षाला सातवा लागला. डोहाळजेवण माहेरी, आईला बसवलं होतं त्याच पुढच्या खोलीत. मन्मथप्पा दुपारी पेढे घेऊन घरी आले तेव्हा बाया जमल्या होत्या आणि मधोमध अपेक्षा बसलेली. हिरवा शालू, हिरवा चुडा, कपाळावर, दंडावर, कमरेला मोगऱ्याचे दागिने. आणि खाली ती खुर्ची. रुद्रेशनं स्टुडिओतून आणून फुलांनी मढवली होती. लातूरचा माणूस, त्याला काय माहीत. बायांपैकी एकीदोघींनी ओळखली होती, पण भरल्या ओटीसमोर असलं कोण बोलणार? त्या मन्मथप्पांकडे बघत राहिल्या. मन्मथप्पांनी विचार केला, आता उठवलं तर पोर मनाला लावून घेईल. लाकूड ते लाकूड. त्यांनी पेढे ताटात काढले.

“अप्पा,” अपेक्षा म्हणाली, “तुमचं ते गोल भिंग लावा. आज कुणी सुटलं न्हाई पाहिजे.”

मन्मथप्पांनी कपाट उघडलं. भिंग लावलं. रिंग दोनदा काढून पुन्हा बसवावी लागली. शेजारच्या शिक्षिका वनिताबाई ओटीचं ताट घेऊन डावीकडे उभ्या राहिल्या. उजवीकडे मन्मथप्पांनी मुद्दाम कोणाला उभं राहू दिलं नाही. एकच फोटो काढला आणि कॅमेऱ्याच्या मागचा पडदा डोळ्यांशी नेला.

मधोमध अपेक्षा. डाव्या कडेला वनिताबाई, ताटासकट. उजव्या कडेला एक बाई. हिरव्या वस्त्रात. मान वाकडी करून खुर्चीकडे बघणारी.

कडेला हे भिंग माणसाला ताणतं, चेहरा लांबट होतो. नाक अपेक्षाचंच, हनुवटी तिचीच. पण माय-लेकींची ठेवण एकसारखी, असं सगळं गाव म्हणायचं. हिरवा चुडा तर दोघींचाही. मन्मथप्पांनी चित्र मोठं केलं, आणखी मोठं केलं... कपाळावर फुलं नाहीत, विभूती. दंड मोकळे. मोगऱ्याचा एकही दागिना नाही.

त्यांचा श्वास सुटला. गंगासागर. लेकीचं कौतुक बघायला आलीय, दुसरं काय. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

उजव्या खांद्यावर हात पडला. चुडा हळूच वाजला.

“अप्पा... ह्या वेळी तरी मी आले का?”

अपेक्षाला फुलं टोचली असतील, काढून उठून आली असेल. मन्मथप्पा पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, “आलीस बाई. आलीस.”

“मामा,” समोरून रुद्रेशचा आवाज आला, “अजून एक काढा. हिचा बाजूबंद सुटलाय, तेवढा बांधतो.”

मन्मथप्पांनी मान वर केली. अपेक्षा खुर्चीतच होती, फुलांसकट. रुद्रेश तिच्या दंडाशी वाकला होता आणि ती पेढा खात हसत होती.

खांद्यावरचा हात तसाच होता. मन्मथप्पांनी मनाला बजावलं, गंगासागरच आहे, दुसरं कोणी नाही. तिला तरी आपल्याशिवाय कोण...

मग त्यांना तो शब्द आठवला. गंगासागरनं जन्मभर त्यांना ‘आवं’ म्हटलं. अप्पा म्हणणारी जगात एकच होती, आणि ती समोर, त्या खुर्चीत, पेढा खात होती.