दोनदा वाजलेली घंटी

लाइट जाऊन बराच वेळ झाला. रामू, पाय खाटेवर घे. खाली कोन नाय रे... मगाशी तरी नव्हता! नलू, दात काय काढतेस? ही आपल्या जमनाच्या कमलाकांतची गोष्ट हाय. त्यानंच मला सांगितली. खोटी वाटली तर उद्या त्याला विचारा.

साल शहाण्णव. मार्च सरत आलेला, शनिवारची रात. कमलाकांत बोईसरच्या एका रंगाच्या कारखान्यात रातपाळीला. बायको बाळंतपणाला माहेरी मनोरला, घर खायला उठायचं, म्हनून दुसऱ्यांच्या पाळ्यापन हाच मागून घ्यायचा. काम सोपं. त्या दिवसांत रातचे नऊ वाजले की कॉम्प्युटर आपोआप घंटी मारायचा, टाकीतली पाती फिरायची, रंग ढवळून खालच्या नळानं जायचा. पाती थांबली की यानं शिडीनं टाकीत उतरायचं आन् तळ खरवडायचा. घंटी एकदा झाली म्हंजे रातभर भ्या नाय, असं सगळे धरून चालायचे.

कॉम्प्युटर आलेला ऑस्ट्रेलियातून. त्यातलं घड्याळपन तिकडच्याच वेळेवर. साहेब बोललेले, त्याला हात लावायचा नाय. आता त्या देशाची गंमत ऐका. उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढं ढकलतात, उन्हाळा सरला की एका राती मागं घेतात, आन् तिकडचा उन्हाळा मार्चात सरतो. तीन वाजले की परत दोन! हसू नको गो, खरंच. म्हंजे त्या राती अडीच दोनदा वाजतात. त्यांचे पयले अडीच म्हंजे आपले रातचे नऊ, दुसरे म्हंजे दहा. कॉम्प्युटरला सांगून ठेवलेलं, अडीचला पाती फिरव. तो हुकमाचा ताबेदार. नऊला फिरवायचा... आन् दहाला परत.

हे मागाहून कळलं. तवा कोनाला ठाव नव्हतं. आदल्या वर्सी अशाच राती याच्याबरोबर काम करनारा मारुती टाकीत उतरलेला, तो जिता बाहेर आला नाय. बीडकडचा मानूस, एकटा. साहेब बोलले, मशीन बंद न करता उतरला, त्याचीच चूक. त्याला न्यायलापन कोन आलं नाय.

तर त्या शनिवारी नऊला घंटी झाली. पाती फिरली. थांबली. कमलाकांत उतरला. खर्र... खर्र... वर एक बल्ब. बाकी कारखाना सुना.

दहाला जरा कमी असतील. वरून हाक आली.

"कमळ्या..."

हा थांबला. "कोन हाय?"

यानं मान वर केली. नुस्ता बल्ब.

"वर ये की लेका. एकल्याला करमंना."

घाटावरची बोली. मारुतीचा आवाज.

कमलाकांत बोलतो, "काकी, भ्या नाय वाटलं. वाटलं, वर्सभर हा कोनाशी बोलला असंल?"

शिडी चढला. एक पाय बाहेर... दुसरा...

घंटी!

खाली पाती फिरली. गरगर. रंग नाय, पानी नाय. नुस्ती पाती... हा मगाशी बसून खरवडत होता तिथंच.

वर कोन नाय.

"मारुतीभाऊ..."

हा शोधत कॉम्प्युटरच्या खोलीकडं गेला.

कुलूप यानंच लावलेलं. चावी याच्याच खिशात. उघडलं. कँटीन संध्याकाळीच बंद झालेलं. खोलीत स्टो नाय, शेगडी नाय.

टेबलावर चाचे दोन गेलास. एक पिऊन उपडा ठेवलेला.

दुसरा भरलेला... वाफ निघत होती.