वायुतंतू

मिरजेच्या प्रयोगशाळेत डॉ. रेवती कारखानीस यांनी बंद नळीतलं रक्त डॉ. हेरवाडकरांना दाखवलं. तीन दिवस झाले तरी ते पातळच होतं. बूच काढून त्यांनी थेंबभर रक्त काचेवर टाकलं. पाहता पाहता तो थेंब थिजला.

हेरवाडकर शल्यविशारद. ते खाली वाकून पाहतच राहिले. "ही काय जादू?"

"जखम झाली की रक्तातल्या एका प्रथिनाचे धागे होतात, त्यांची जाळी रक्त अडवते. तीच जाळी हृदयाच्या रोहिणीत विणली गेली, की झटका. आम्ही ते प्रथिन बदललंय. प्राणवायूचा दाब बाहेरच्या हवेइतका झाला तरच याचे धागे बनतात. हे वायुतंतू. रोहिणीत तेवढा दाब कधीच नसतो."

"म्हणजे बोट कापलं तर रक्त थांबणार, हृदयात मात्र गुठळी नाही!"

दोन झटके पचवलेले सतारीचे कारागीर बाबालालचाचा पहिले स्वयंसेवक झाले. हे प्रथिन यकृतात बनतं, म्हणून तिथं जुन्याच्या जागी नवं जनुक घातलं. दोन वर्षं ते ठणठणीत होते. मग एके दिवशी आढ्याला टांगलेला सतारीचा भोपळा काढताना ते शिडीवरून पडले आणि उजवं मनगट मोडलं.

हेरवाडकरांचा फोन आला. "तुमच्या चाचांना भूल देतोय. रक्ताचं काही पथ्य?"

"उघड्या जखमेला हवा लागेलच. रक्त आपोआप थांबेल."

"छान. आता मास्कमधून पाच मिनिटं शुद्ध प्राणवायू, मग..."

रेवतीबाई ताडकन उठल्या. प्रयोगातल्या उंदरांना त्यांनी नेहमी सुईनंच भूल दिली होती, शुद्ध प्राणवायू कधीच दिला नव्हता.

"मास्क लावू नका!"

"का?"

"शुद्ध प्राणवायूनं रोहिणीतला दाब हवेच्या दुपटीवर जाईल. सगळ्या शरीरातलं रक्त एकदम गोठेल!"

पलीकडे काहीतरी खणकन आदळलं. "चेहऱ्यापासून वीतभर होता," हेरवाडकर म्हणाले.

शेवटी फक्त हात बधिर करून मनगट जोडलं. चाचा जागेच होते, बोटं पुन्हा चालतील का एवढंच विचारत होते.

आठवड्यानं रेवतीबाईंनी त्यांच्या गळ्यात एक धातूची चकती घातली. चाचांच्या मागून आलेल्या एकेचाळीस स्वयंसेवकांसाठीही तशाच घडवून घेतल्या होत्या. चाचांनी चष्मा लावून ती वाचली: 'श्वास घुसमटला तरी मला प्राणवायू देऊ नका.'

"म्हणजे मॅडम," ते सावकाश म्हणाले, "हृदयानं मरणार नाही, एवढंच ना?"

रेवतीबाईंनी होकारार्थी मान हलवली.