ब्लाँशोचा उतार

पुलाच्या मधोमध एक घोडी आडवी उभी होती आणि हलायचं नाव घेत नव्हती.

मी व्हॅनमधून डोकं बाहेर काढलं. एक तरुण वाकून तिचा खूर तपासत होता.

"तिची नदी बघून झाली असेल, तर रस्ता द्याल का?"

"मला घाई आहे हो... हिलाच नाही." तो सरळ झाला नि हसला. "मिरो कुटुंबाकडे कसं जायचं?"

"माझ्या मागे मागे या. मीच सोलेन मिरो."

"मग गाडी जरा हळू हाका. ब्रियोशला शर्यती आवडत नाहीत."

असा एल्वा आमच्या शाब्लीत, फ्रान्समधल्या या वाईनच्या गावात, आला.

आईनं त्याला नांगरणीसाठी बोलावलं होतं. शाब्लीतले द्राक्षांचे मानाचे सातही मळे नदीपलीकडच्या एकाच टेकडीवर आहेत. त्यातल्या ब्लाँशो मळ्यात आमच्या वेलींच्या थोड्या ओळी, त्याही सगळ्यांत चढ्या भागात. तिथंच बाबांचा ट्रॅक्टर उलटला होता आणि बाबा त्याच्याखाली... त्यानंतर आईनं तिथं यंत्र चढू दिलं नाही. मी तर त्या उतारावर पाऊलच टाकलं नव्हतं. तळघरात वाईनच्या पिंपांची कामं करायचे. पण ब्लाँशोची वाईन चाखायची वेळ आली, की मी पेला आईकडे सरकवायचे.

एल्वाचं दुपारचं जेवण मात्र मी न्यायचे. पायथ्याच्या भिंतीपर्यंत, बस्स.

"वर आलात, तर शाब्ली केवढंसं दिसतं ते दाखवीन," तो पाव मोडत म्हणायचा.

"मला इथूनच दिसतं."

"भिंत दिसते इथून."

"भिंत छान आहे."

तो हसायचा, आग्रह करायचा नाही. एकदा मात्र त्यानं माझ्या बोटांकडे पाहिलं. मी भिंतीचा दगड घट्ट धरून ठेवला होता. मग आपल्या हातातलं चीज अर्धं करून माझ्या हातात ठेवलं, तेव्हा मला दगड सोडावा लागला.

त्या दिवसापासून तो वर चढला, की तळघराच्या दारात कान टवकारून बसायचे मी. घोडीच्या गळ्यातली घंटा थांबली, की माझंही काम थांबायचं.

जूनमध्ये वेली फुलावर आल्या. त्या दुपारी वारा अचानक पडला आणि पश्चिमेकडे आभाळ जांभळं-काळं झालं. मी भिंतीपाशी पोचते न पोचते, तोच पहिली गार पायाशी आपटली. मग आणखी... अक्रोडाएवढ्या.

वर वीज कडाडली. ब्रियोश उधळली. नांगर आडवा पडला, आणि एल्वा दिसेनासा झाला.

"एल्वा!"

गारांच्या माऱ्यात माझी हाक बुडून गेली.

माझे पाय हलेनात. मग ते कसे हलले, मला माहीत नाही. पांढरा चिखल निसरडा झाला होता. त्यातले पुरातन समुद्राच्या शिंपल्यांचे तुकडे तळव्यांना बोचत होते. वेलींच्या तारा धरत, गुडघ्यांवर रांगत मी चढले. गारा पाठीवर फुटत होत्या.

तो ओळीत पडला होता. जुंपणीचा पट्टा त्याच्या पायाला गुंडाळला होता, आणि घोडी आणखी एक हिसका देण्याच्या बेतात होती.

"तिचं डोकं धरा," तो दात आवळून म्हणाला. "बोला तिच्याशी."

मी लगाम धरला, गालाला गाल लावला. "ब्रियोश... राणी... मलापण भीती वाटतेय गं. थांब ना जरा." ती थरथरत होती. पण थांबली. तेवढ्यात एल्वानं चाकूनं पट्टा कापला.

गारा ओसरल्या तेव्हा आम्ही घोडीच्या आडोशाला बसलो होतो. त्याचा घोटा सुजला होता. फुलं चिखलात गेली होती. निम्मं पीक तरी गेलंच. आणि मी मात्र त्याची बाही धरून रडत होते.

"पुन्हा असं होणार नाही, म्हण ना."

"खोटं बोलू?"

"...नको. मग खरं काय ते सांग."

त्यानं कापलेला पट्टा बोटाभोवती गुंडाळला. "खरं म्हणजे, इथली नांगरणी केव्हाच संपलीय. दुसरीकडे माझी वाट बघतायत. मी रोज त्याच त्याच ओळी उकरतोय, सोलेन... तू जेवण घेऊन येतेस म्हणून."

"आई म्हणालीच होती, यंदा माती फारच भुसभुशीत झालीय."

"रागावलीस?"

"घाबरलेय. तू रोज वर चढशील, आणि मी रोज घाबरेन. चालेल तुला?"

"तुला चालेल?"

मी त्याचा चिखलानं माखलेला चेहरा ओंजळीत धरला आणि त्याला जवळ ओढलं.