अंड्यांपायी अडलेली होडी

"थांबा! एक पाऊलसुद्धा पुढे टाकू नका!"

भल्या सकाळी नदीकाठी पाठीमागून असं कुणी ओरडलं, तर माणूस थांबतो तरी किंवा पळत सुटतो तरी. नावाडिणीनं दोन्हींतलं काहीच केलं नाही. तिनं हातातलं वल्हं उगारलं आणि गर्रकन वळली.

मागे वाळूत एक तरुण पालथा पडला होता. गळ्यात दुर्बीण, कोपरापर्यंत वाळू माखलेली, आणि डोक्यावरच्या टोपीत चक्क एक खराटा उभा खोचलेला.

"कोण तुम्ही? माझ्या होडीपाशी काय करताय?"

"मी... पक्षी बघतोय."

"डोक्यात खराटा घालून?"

"ते चोच मारतात ना. जे सगळ्यात उंच दिसेल, त्यालाच मारतात. म्हणून खराटा—"

त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत पांढरंशुभ्र काहीतरी सूंकन खाली आलं आणि नावाडिणीच्या टाळूवर टोचा मारून गेलं. "आई गं!" म्हणत ती मटकन खाली बसली, ती नेमकी त्याच्या शेजारी. त्यानं आपली टोपी काढली आणि खराट्यासकट तिच्या डोक्यावर ठेवली. पुढचा टोचा त्याला बसला. तो कळवळला, पण टोपी परत मागितली नाही. प्रेमकथेची सुरुवात म्हणून हे काही फार देखणं दृश्य नव्हे. पण झालं ते असं झालं, त्याला आपण काय करणार!

भानगड अशी होती. नावाडिणीनं डागडुजीसाठी होडी वाळूच्या पट्ट्यावर ओढून ठेवली होती. बुडाच्या फटींत काथ्या ठासला, वर डांबर ओतलं, आणि डांबर पायाला चिकटू नये म्हणून त्यावर चांगली चार घमेली कोरडी वाळू पसरली. मग ताप आला म्हणून ती घरी पडून राहिली. इकडे सुरय पक्ष्यांची एक जोडी जागा शोधत आली. सुरय म्हणजे पिवळ्या चोचीचा, काळी टोपी घातल्यासारखा दिसणारा नदीवरचा पक्षी. तो घरटं म्हणून काही बांधत नाही. उघड्या वाळूत एक खळगा करतो आणि अंडी घालतो. या जोडीला मऊ, कोरडी, चारही बाजूंनी फळ्यांचा आडोसा असलेली आयती वाळू मिळाली. असा बंगला कोण सोडतो?

आणि नियम होता. गावानं आणि नदी खात्यानं मिळून केलेला. जिथं पक्षी अंड्यावर बसेल तिथं माणसानं फिरकायचं नाही, कशाला हात लावायचा नाही. या नियमापायी कोळ्यांनी जाळी पलीकडच्या डोहात नेली होती, गुराख्यांनी गुरांची वाट बदलली होती. गुराखी कुरकुरले, तेव्हा गावच्या बैठकीत उठून ठणकावून सांगणारी दुसरी तिसरी कुणी नसून नावाडीणच होती. "नियम म्हणजे नियम," ती म्हणाली होती, "मग मधे कुणाचं काहीही अडो!"

आता तिचीच होडी अडली होती.

"तुझाच नियम, बाई," बाबा म्हणाले. बाबांनी जन्मभर तीच होडी चालवली होती. गुडघे गेले तेव्हा वल्हं लेकीच्या हाती दिलं. "आता सगळे गुराखी काठावर उभे राहून बघतायत तू काय करतेस ते."

नावाडिणीनं दात-ओठ खाल्ले आणि नियम पाळला. पण गावाला पूल नव्हता, धड रस्ता नव्हता. दवाखाना पलीकडे, बाजार पलीकडे. होडीच बंद पडली तर लोकांनी जायचं कसं? तेव्हा खराटेवाल्या तरुणानं पुढे होऊन खात्याची रबरी होडी देऊ केली. तो नदी खात्याचा पक्षीरक्षक. अंडी फुटून पिल्लं उडेपर्यंत त्याचा मुक्काम इथेच. गावानं पहिल्याच दिवशी त्याचं नाव 'अंडीसाहेब' ठेवून टाकलं.

"ही होडी?" नावाडीण ते पिवळं धूड बोटानं दाबून म्हणाली. "हा तर फुगा आहे."

"चांगली आहे हो. मी स्वतः चालवून बघितली."

"बघितलं मी पण. तुम्ही नदीच्या मधोमध भोवऱ्यासारखे गरगर फिरत होतात. मला वाटलं, पक्ष्यांना खूश करायला नाच चाललाय."

तो कानापर्यंत लाल झाला. ती हसली. आणि हसता हसता तिच्या लक्षात आलं, की माणूस लाल झाला की बरा दिसतो.

झालं, फुगा सुरू झाला. अख्खं गाव गुडघे हनुवटीला लावून नदी पार करू लागलं. शेळ्यांना मज्जाव, खुरानं भोक पडायचं. वल्हवायचं कसं ते शिकवायला नावाडीण रोज सकाळी अंडीसाहेबाला घेऊन पाण्यात जाई आणि त्याबदल्यात तो तिला दुर्बिणीतून होडी दाखवी. आपलीच होडी लांबून बघायला तिला आधी फार राग येई. पण मग दिसे, नर चोचीत चंदेरी मासा घेऊन येतोय, मादीपुढे ऐटीत मान वाकवतोय, मादी ढिम्म बघतही नाहीये...

"घेत का नाही ती?" नावाडीण वैतागून विचारी.

"घेईल. बघतेय, हा रोज येतो की एकदाच."

"आणि हा?"

"हा रोज येतो," अंडीसाहेब नजर जराही न हलवता म्हणाला. पण दुर्बीण तर तिच्या हातात होती! त्याची नजर कुठे होती, ते तिनं वळून पाहिलं तेव्हा कळलं. दोघांनीही घाईघाईनं आभाळाकडे बघितलं. आभाळात काहीएक नव्हतं.

घरी आत्या होती. तिच्या नजरेतून मुंगी सुटत नसे.

"त्या फुग्यात बसायला हल्ली केस विंचरून जातेस," आत्या म्हणाली.

"वारा असतो गं आत्या."

"वारा असतो म्हणून लोक विंचरायचं सोडतात. तू पहिलीच, जी वारा असतो म्हणून विंचरते."

दिवस असे चालले होते. पट्ट्यावरच्या बाकीच्या पिल्लांना केव्हाच पंख फुटले, ती उडालीही. होडीतली जोडी तेवढी उशिरा बसलेली. आणि एक दिवस अंडीसाहेब आनंदानं म्हणाला, "आता फार वेळ नाही. अंडी फुटतील. मग पिल्लं उडाली की तुमची होडी तुम्हाला मोकळी!"

ज्या वाक्याची तिनं इतकी वाट पाहिली, ते ऐकून नावाडीण हिरमुसली. होडी मोकळी म्हणजे अंडीसाहेबही मोकळा. फुगा गुंडाळून, खराटा ठेवून, हा शहराची वाट धरणार.

"एवढी घाई कशाला पण?" ती म्हणाली. "बसू दे की निवांत."

"अहो, तुम्हीच रोज विचारायचात ना, 'या बयेचं कधी आटपणार' म्हणून?"

"तेव्हा मला पक्ष्यांतलं काही कळत नव्हतं," ती म्हणाली आणि फुग्याच्या दोरीला उगीचच तिसरी गाठ मारत बसली. मनातून तिला स्वतःचीच लाज वाटत होती. बिचाऱ्या पिल्लांनी अंड्यातच राहावं असं वाटणारी ही कसली राखणदारीण? पण वाटत होतं खरं. होडी हवी होती, आणि हाही हवा होता. आणि एक मिळालं की दुसरं जाणार होतं.

मग एका दुपारी वरच्या धरणातून पाणी सोडलं. दरवर्षी दवंडी पिटून सोडतात, यंदा कुणाला तरी विसर पडला. नावाडीण काठावर होती. पाण्याचा रंग पालटलेला तिला आधी दिसला, मग पट्ट्याची कड विरघळताना दिसली.

"अंडी!" ती ओरडली आणि लांब बांबू उचलून धावत सुटली. पलीकडून अंडीसाहेब बिनखराट्याचाच धावत आला. पाणी होडीखाली शिरलं, होडी डचमळली, अलगद उचलली गेली. आणि होडी बांधलेला ओल्या वाळूतला खुंटा लोण्यातून सुरी निघावी तसा निघाला. नावाडिणीनं मागच्या टोकावर उडी घेतली. त्यानं पुढच्या टोकाला लोंबकळून कसंबसं अंग आत ओढलं.

"मधे येऊ नका! हलू नका! तिथंच बसा, माझ्या समोर!" ती म्हणाली. "एक बाजू कलली तर अंडी घरंगळतील."

तो बसला. सुरय नवरा-बायको दोघं डोक्यावर घिरट्या घालत टोचे मारत होती. नावाडीण बांबूनं तळ चाचपत, बोटाबोटानं होडी सरकवत होती. तिला ओढा नदीला मिळतो तिथला कोपरा ठाऊक होता, जिथं नदी कितीही फुगली तरी पाणी संथ असतं. तिथं तिनं बांबू चिखलात रोवला आणि होडी त्याला टेकवली. हळूहळू आभाळातला गोंधळ शमला. मादी खाली उतरली, दोघांकडे आळीपाळीनं रोखून बघितलं, आणि अंड्यांवर चापून बसली, एखाद्या खाष्ट मावशीसारखी, बरोबर दोघांच्या मधोमध.

पाणी उतरेपर्यंत असंच बसायचं होतं. नावाडिणीनं श्वास सोडला. त्याच्या कपाळावरून रक्ताचा एक बारीक ओघळ येत होता. पुसायला तिचा हात शिवशिवला, पण हलायचं नव्हतं.

"लागलंय तुम्हाला," ती कुजबुजली.

"तुम्हालाही."

नर वरून एक घिरटी घालून गेला.

"एक सांगू?" तो हळूच म्हणाला.

"हलू नका म्हटलं ना."

"सांगायला हलावं लागत नाही."

"मग... सांगा."

"आमचे वरचे साहेब विचारत होते... या नदीवर कायमचा माणूस हवाय. गावाबरोबर राहून काम करणारा. राहशील का, म्हणाले."

नावाडिणीच्या छातीत असं काही धडधडलं, की होडी हलते की काय असं तिला वाटलं. "मग? तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, विचारून सांगतो."

"कुणाला विचारून?"

"तेच तर चाललंय इतका वेळ..."

मादीनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. मग हिच्याकडे पाहिलं.

"मला वल्हवता येत नाही अजून धड," तो म्हणाला. "पोहायलाही बेताचंच येतं. पण तू दिवसभर बोलत असतेस, चिडवत असतेस, आणि संध्याकाळी काठावरून गेलीस की मला नदी एकदम रिकामी वाटते. इतके पक्षी असूनसुद्धा. मी राहिलो... तर चालेल तुला?"

एरवी दहा माणसांची तोंडं बंद करणारी नावाडीण, पण आता ती मान खाली घालून वाळूकडे बघत राहिली. डोळे मात्र भरून आले. अंडी फुटू नयेत म्हणून मनातल्या मनात किती विनवण्या केल्या, ते आठवून तिला हसूही आलं. हसू दाबावं तर होडी थरथरायला लागली.

"हलू नकोस," आता तो म्हणाला.

पाण्यावरून आवाज किती दूर जातो, हे सांगायला नदीवर जन्मलेल्या माणसाला मास्तर लागत नाही. कुजबुजलेलंसुद्धा काठावर लख्ख ऐकू येतं. पण त्या घटकेला नावाडिणीला जगाचंच भान नव्हतं, तिथं काठाचं कुठून असणार? तिनं मान वर केली तेव्हा काठावर अख्खं गाव उभं होतं. जाळी टाकून आलेले कोळी, गुरं सोडून आलेले गुराखी, गुडघ्यावर हात ठेवून उभे असलेले बाबा. किती वेळ उभे होते देव जाणे, पण चेहऱ्यांवरून सगळं ऐकलेलं दिसत होतं.

सगळ्यांत पुढे आत्या. तोंडाभोवती दोन्ही हातांचा कर्णा करून तिनं दबक्या आवाजात हाक घातली, "अगं, हो म्हण की एकदाचं! पाय भरून आले आमचे!"

नावाडिणीनं त्याच्याकडे पाहिलं. त्याचे कान असे लाल झाले होते, की ते बघायला जन्मभर नदीवर राहावं.

"हो," ती म्हणाली. अगदी हळू.

काठावर एकच कल्लोळ उसळला, पण बिनआवाजाचा. कोळ्यांनी दोन्ही हात उंचावून हवेतच नाचवले. गुराख्यांनी टोप्या उडवल्या आणि जमिनीवर पडायच्या आत झेलल्या. बाबांनी खांद्यावरचं उपरणं काढून गरगर फिरवलं आणि मग त्यातच डोळे पुसले. आत्यानं टाळ्या वाजवल्या, तळव्याला तळवा लागू न देता. गावात एवढा आनंद क्वचित झाला असेल, पण एकाच्याही तोंडून चकार शब्द निघाला नाही.

होडीत अंडी होती.