उजळणीचे आठ दिवस

सोल्विक शहराच्या हिवाळ्याची माहितीपुस्तिका अवघी चार पानांची होती, कारण तिथल्या हिवाळ्यात सांगण्यासारखं काही घडतच नसे. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी शहर झोपायचं आणि मार्चच्या पहिल्या रविवारी उठायचं. ध्रुवाजवळच्या त्या अंधारात अकरा हजार घरं चार महिने गरम ठेवण्यापेक्षा माणसंच थंड ठेवावीत, अशी कल्पना कुणाला तरी सुचली आणि ती चक्क जमली. टेकडीच्या पोटातल्या दालनात माणूस आडवा व्हायचा, औषधानं अंग गार पडायचं, काळीज मिनिटाला चारदा ठोके द्यायचं. तिथले मराठी लोक या झोपेला हिमनीज म्हणत. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर सूचना होती, की इथे कायमचं राहायला येऊ इच्छिणाऱ्यांनी आधी एकदा हिवाळा पाहून जावा.

प्राजक्ता खैरनार धुळ्याहून आल्या होत्या त्या तेवढ्यासाठीच. वय अडुसष्ट, गुडघे ठीक, मन जवळजवळ ठरलेलं. नवरा अमोल जाऊन अकरा वर्षं झाली होती. घरात त्यांना हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. कुकर त्याच लावायच्या, शिट्ट्या त्याच मोजायच्या, आणि जेवताना बोलायचं कुणाशी म्हणून टीव्ही लावून ठेवायच्या. एकुलता एक मुलगा निहार इथे सहा हिवाळे झोपून उठला होता आणि दर मार्चमध्ये म्हणायचा, "आई, ये ना आता कायमची."

पाहुण्यांना सगळं समजावून सांगायला डॉक्टर शिकलगार होत्या. मूळच्या मिरजेच्या बाई, बोलायला मोकळ्या.

"थंडीत मेंदूच्या पेशी अंग चोरून बसतात, काकू," त्या म्हणाल्या. "एकमेकींना धरलेल्या त्यांच्या फांद्या आखडतात. मार्चमध्ये ऊब मिळाली की पुन्हा फुटतात, पण जाड असतात त्याच. बारीक फांद्या राहून जातात."

"म्हणजे माणूस विसरतो?"

"माहिती नाही विसरत. नाव, नातं, पत्ता सगळं जागेवर असतं. त्यातली माया पातळ होते, आणि वर्षानुवर्षं न बोललेल्यांचे चेहरेही पुसट होतात. म्हणून झोपेआधी आठ दिवस उजळणी करायची. जे टिकवायचं ते मोठ्यानं बोलायचं, रोज तीन तास. त्याहून जास्त मेंदू घेत नाही."

"मग निहारला काळजी नाही. मी समोरच असणार."

"समोर असून भागत नाही, काकू. बोललेलंच टिकतं, आणि जसं बोलाल तसं टिकतं."

प्राजक्ताताईंनी "हो हो" म्हणून मान डोलावली. मान डोलावण्यात त्या पहिल्यापासून पटाईत होत्या, ऐकलेलं मनावर घेण्यात तेवढ्या नव्हत्या.

निहारच्या फ्रिजवर उजळणीची यादी चिकटवलेली होती. सगळ्यात वर ‘आई’. खाली मराठी भाषा, पोहणं, दोन मित्र, ऑफिसचं काम. ताईंनी ती दोनदा वाचली.

"बाबा कुठायत रे?"

निहार ओशाळला. "राहिले गं. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच राहिले असतील. मिशा होत्या ना त्यांना?"

अमोल काही वाईट नव्हता. ट्रकवर असायचा, महिन्यातून चार दिवस घरी यायचा आणि त्यातले तीन झोपायचा. पण पोटच्या पोरानं बापाला मिशांवरून ओळखायचं म्हणजे काय!

"यंदा माझे तास त्यांना दे," त्या म्हणाल्या.

"अगं, पण तू पहिली आहेस यादीत."

"मी चांगली धडधाकट समोर बसलेय. त्यांची आठवण काढणारं दुसरं कोण आहे?"

आणि त्या सांगायला बसल्या. आता त्यांच्या घरची एक जुनी रीत होती. घरात जे जे चांगलं व्हायचं ते अमोलच्या नावावर जमा व्हायचं. ताईंनी स्वतःच्या पगारातून दिवाळीचे कपडे आणले तरी पोराला सांगायचं, "बाबांनी पाठवले हो." बाप दूर असला तरी पोराच्या मनात जवळ राहावा, एवढाच हेतू. तीच सवय आता तोंडी आली. सायकलमागे कोण धावलं? बाबा. शाळेच्या नाटकात मुकुट कुणी चिकटवला? बाबांनी. तिसऱ्या दिवशी गोष्ट डेंग्यूवर आली. निहार सात वर्षांचा होता, ताप उतरत नव्हता, अमोल माल घेऊन विशाखापट्टणमला होता.

"सहा दिवस, सहा रात्री बाबा तुझ्या उशाशी होते. कपाळावर ओल्या घड्या ठेवत होते. पपईच्या पानांचा रस पाजत होते. हातांना डिझेलचा वास यायचा, तो तुला आवडायचा."

"मला वाटायचं तू होतीस," निहार म्हणाला.

"मी? छे! तुझे बाबाच."

निहारचे डोळे भरून आले. ते पाहून ताईंना इतकं समाधान वाटलं, की उरलेले पाच दिवस त्यांनी हात आखडता घेतलाच नाही. आठव्या दिवशी त्यानं सगळं न अडखळता म्हणून दाखवलं. रविवारी तो दालनात आडवा झाला. ताईंनी त्याच्या तळव्यावर हात ठेवला, तो गार होईपर्यंत.

पुढचा एक आठवडा पाहुण्यांनी जागं राहून शहर पाहायचं असा नियम होता. ताई दुपारी बाराला अंधारात फिरायला जायच्या. सगळ्या खिडक्या काळ्या, बागेतले झोपाळे बर्फात बुडालेले, आणि आवाज फक्त स्वतःच्या बुटांचा. एकदा त्या चौकात उभ्या राहून मोठ्यानं "कोणी आहे का?" म्हणाल्या आणि स्वतःच दचकल्या. फार एकटं वाटलं. पण धुळ्यातही तसंच वाटायचं, आणि इथे निदान एक तारीख होती ज्या दिवशी सगळे उठणार होते. त्यांनी ठरवून टाकलं.

"अर्ज धुळ्याला घेऊन जाते, सही मार्चमध्ये करते," त्या डॉक्टरांना म्हणाल्या. "आधी निहारला सांगू द्या."

मार्चच्या पहिल्या रविवारी त्या धुळ्याच्या घरी अर्ज पुढ्यात घेऊन बसल्या. निहारचा फोन आला. पडद्यावर तो हसला, बँकेतला माणूस हसतो तसा.

"नमस्कार आई. तब्येत बरी ना?"

"बरी आहे रे. तू कसा आहेस?"

"मी बाबांचाच विचार करतोय उठल्यापासून," आणि त्याचा आवाज एकदम ओला झाला. "सायकलमागे धावताना त्यांना लागलेला दम ऐकू येतो मला. त्या हातांचा डिझेलचा वास येतो. असा बाप, आणि मी त्याला विसरलो होतो!" तो बराच वेळ बोलत राहिला. ताई ऐकत राहिल्या. मग तो थांबला आणि त्यांच्याकडे जरा निरखून पाहू लागला.

"एक विचारू? राग नको मानूस."

"विचार ना."

"मला एवढा ताप होता, बाबा एकटे सहा रात्री जागत होते. तेव्हा तू कुठे होतीस?"

खरं सांगणं सोपं होतं. पण त्यानं निहारच्या मनातली आईबद्दलची माया परत फुटली नसती, फक्त एक माहिती वाढली असती, आणि त्याचा बापही गेला असता. ताईंनी अर्ज उलटा करून ठेवला.

"होते ना घरातच," त्या म्हणाल्या. "आत, स्वयंपाकघरात."

"बरं," निहार म्हणाला, आणि पुन्हा बाबांबद्दल सांगू लागला.