खुंटावरची फूट

दर बुधवारी सकाळी वेळसईच्या एसटी थांब्यावर दोन कागद चिकटवले जात. एक आंब्याच्या भावाचा, दुसरा माणसांच्या. दुसऱ्याला ‘मागणीपत्रक’ म्हणत. पुढल्या वीस वर्षांत कोणाला काम मिळेल आणि कोण घरी बसेल, ते त्यात क्रमाने लिहिलेलं असे. चौदा आठवडे पहिल्या नंबरवर एकच नाव ठाण मांडून होतं, ‘समुद्रभिंत निरीक्षक’. तळाला कवी आणि ज्योतिषी आलटून पालटून असत. कवींचं लोकांना वाईट वाटे. ज्योतिष्यांना आधीच कळायला हवं होतं, असं सगळ्यांचं मत होतं.

“भिंत अजून पहिलीच ना, बाबा?” शाल्मलीने विचारलं. ती दहावीत होती.

“पहिलीच,” दत्ताराम धाडवे म्हणाला.

“मग ठरलं!” तिने नाक दाबलं आणि एसटीच्या कंडक्टरचा आवाज काढला. “चला, भिंतवाले पुढे सरका! कवींनी मागच्या दाराने!”

दोन म्हातारे खरोखर पुढे सरकले.

शाल्मलीच्या नकला म्हणजे गावाला झालेला एक प्रकारचा उपद्रव होता. तिने कुकरची शिट्टी काढली की शेजारच्या काकू गॅस बंद करत आणि भात कच्चा राही. तिने मधल्या सुट्टीची घंटा तोंडाने वाजवून दोनदा अख्खी शाळा सोडली होती, आणि एकदा तर मुख्याध्यापक शेवडे सरही डबा घेऊन बाहेर आले होते.

पण तिची एक नक्कल फक्त घरात चाले. दत्ताराम रोपवाटिकेतून येऊन, हात तसेच मातीचे ठेवून ताटावर बसे. मग स्वयंपाकघराच्या दारातून आवाज येई: “अहो, भाताला हात लावण्याआधी हाताला पाणी लावा! अर्धी रोपवाटिका घेऊन जेवायला बसलात!”

सुलभाचा आवाज. सुलभाला जाऊन तीन वर्षं झाली होती. दत्ताराम मान खाली घालून उठे, हात धुई आणि तोंडही जरा जास्त वेळ धुई. तिच्या आवाजाचं रेकॉर्डिंग घरात एकच उरलं होतं. त्यात ती फोनवर गॅस सिलिंडरचा नंबर लावत होती आणि चिडून म्हणत होती, “दोन. अहो दोनच दाबलंय मी.”

तालुक्याच्या कौशल्यकलम केंद्रात लोटलीकर नावाच्या मॅडम होत्या. त्यांनी दत्तारामला पद्धत समजावायला घेतली. पस्तीस वर्षं भिंती तपासलेल्या माणसाच्या मेंदूत जी जोडणी तयार होते, तिचा नकाशा घ्यायचा. त्याला काडी म्हणतात. शिरस्त्राण घालून अकरा सकाळी ती जोडणी मुलांच्या मेंदूत उतरवायची. सोळावं सरलं की…

“खुंट जून होतो,” दत्ताराम म्हणाला. “कलम धरत नाही.”

मॅडम थांबल्या. “तुम्ही डॉक्टर आहात?”

“आंब्याची कलमं बांधतो, गावठी रोपाच्या खुंटावर. वीस वर्षं.”

“मग छाटणीचं तुम्हालाच जास्त कळेल. नवी जोडणी धरायची तर जुनी एखादी क्षमता बंद करावी लागते. आठवणी राहतात, फक्त ते करता येत नाही. मेंदूत जागा भरपूर आहे हो, पण…”

“रस एकच. दोघांना पुरत नाही.” दत्तारामचा चेहरा उजळला होता. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी त्याच्याशी विज्ञान बोलत होतं आणि ते त्याला आधीच येत होतं. “कलम लागलं तरी खालचा खुंट फुटत राहतो. ती फूट रोज खुडायची. नाहीतर वरचं कलम मरतं.”

“अगदी! तर इथे एक बिनमागणीची क्षमता लिहा. घरी नेऊन विचार करा. आठ दिवस आहेत.”

“खुडायला विचार कसला? नख लावायचं, झालं.”

“नकला लिही, बाबा,” शेजारी बसलेली शाल्मली म्हणाली. “शेवडे सर पेढे वाटतील. आणि निरीक्षकांना आपल्याच किनाऱ्यावर नेमतात. मी कुठे जाणार नाही बघ, इथेच राहीन.”

इथेच राहीन. एवढं ऐकल्यावर दत्तारामने आणखी काही ऐकलं नाही. त्याने ‘नकला’ लिहिलं आणि सही केली. त्या शब्दात कोणकोण राहत होतं, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

बाराव्या दिवशी शाल्मली केंद्रातून घरी आली. चप्पल काढायच्या आत तिने भिंतीवर बोटाचं पेर वाजवलं. “उत्तरेकडून ओल आहे. दोन पावसाळे काढेल.” दत्तारामची छाती फुगली. संध्याकाळी अंगणात रांग लागली. काकूंनी भिंत दाखवली, शेवडे सरांनी शाळेची दाखवली, एकाने सासरा दाखवायला आणला होता. त्याला तिने परत पाठवलं.

मग दत्ताराम जेवायला बसला. हात मातीचेच ठेवले. स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहिला.

शाल्मली समोर बसून जेवत होती.

“शालू, तुझी आई काय म्हणायची गं?”

“आई म्हणायची, अहो, भाताला हात लावण्याआधी हाताला पाणी लावा, अर्धी रोपवाटिका घेऊन जेवायला बसलात.”

वाक्य बरोबर होतं. एकही शब्द इकडचा तिकडे झाला नव्हता. फक्त सुलभा त्यात नव्हती.

“काय झालं, बाबा?”

“काही नाही. आमटी खारट झालीय.”

“थांब, बघून सांगते.” तिने जिभेला थेंब लावला. “खाडीच्या एक तृतीयांश. भिंतीला धोका नाही.”

दत्ताराम हसला. हसायलाच हवं होतं, कारण ती विनोद करत नव्हती.

पुढचे पाच महिने तो रोज तसाच ताटावर बसला. हात मातीचे. हळूहळू त्याला मातीची चव लागेनाशी झाली. दुपारी तो रोपांच्या ओळीतून फिरे आणि खुंटांवरच्या फुटी खुडे. कोवळ्या, तांबूस, बोटभरही नसलेल्या. पूर्वी तो दिवसाला चारशे खुडे. आता दीडशेवर थांबे आणि अंगठ्याच्या नखाकडे बघत बसे.

शाल्मली आता समुद्रभिंतीवर उमेदवारी करत होती आणि आठ दिवसांनी नोकरीत कायम होणार होती. अशा एका संध्याकाळी ती भिंतीवरून आली. गेल्या आठवड्यात तिने एक तडा वेळेत पकडला होता, म्हणून खालची वाडी आज कोरडी होती. लोक तिला ताई म्हणू लागले होते. तिने भात वाढला. दत्तारामने हात पुढे केला.

“अहो, हाताला पाणी…”

दत्तारामचा हात ताटावर तिथेच राहिला.

आवाज दारातून आला नव्हता. शाल्मलीच्या तोंडून आला होता. तिलाच तो कळला नव्हता. ती तोंडावर हात ठेवून बसली होती, घरात कोणी परका शिरल्यासारखी.

“परत म्हण,” दत्ताराम म्हणाला. “शालू, परत म्हण ना.”

“येत नाही. आपोआप आलं.” ती उठली आणि केंद्राची पुस्तिका घेऊन आली. बोट ठेवून तिने वाचलं, “खुंटाकडून फूट आढळल्यास पालकांनी चोवीस तासांत कळवावे; केंद्रात ती खुडली जाईल. तिसऱ्या फुटीनंतर कलम टिकत नाही.” मग वर पाहिलं. “बाबा, कलम गेलं तर मला भिंत ऐकू येणार नाही. आणि सोळावं तर झालं. दुसरं धरायचं नाही.”

“हं.”

“पण मघाशी, तेवढा एक क्षण, मला आई ऐकू आली. मी म्हणत होते आणि मलाच ऐकू येत होती. पाच महिन्यांत पहिल्यांदा.” तिचा आवाज फुटला. मग निरीक्षकासारखा तो तिने सावरला. “तुझ्या रोपांचं काय असतं? खुडलेली फूट पुन्हा येते?”

“एक-दोनदा येते,” दत्ताराम म्हणाला. “मग खुंट नाद सोडतो.”

तो उठला. हात धुवायला मोरीपाशी गेला आणि नळ न सोडताच उभा राहिला. अंगठ्याच्या नखात दुपारचा हिरवा चीक वाळला होता. मागे शाल्मली फोन हातात घेऊन बसली होती, केंद्राचा नंबर समोर काढून.

“बाबा,” ती म्हणाली, “नख तू लावतोस, की मी लावू?”