एरंडोल रोडचं खारं पाणी

दिवा राहू द्या, किडे येतील. आणि योगेंद्र, तुला मधेच बोलायचं असेल तर आत्ताच बोलून घे.

"आबा, भूत टँकर चालवत आलं होतं का?"

नाही रे. म्हणजे, आलं होतं असं गिरधरनाना म्हणतात. मी जन्मभर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं, माझं मलाच हे पटत नाही. पण नाना खोटं बोलणारा माणूस नाही. जसं कळलं तसं सांगतो.

नाना पाणीपुरवठ्यातले निवृत्त इंजिनिअर. धरणगावबाहेर एरंडोल रोडला एक जुनी विहीर आहे. पाणी बारमाही, पण खारं. बांधकामवाले, वीटभट्टीवाले, गाड्या धुणारे पिण्याचंच पाणी पळवतात, म्हणून त्यांच्यासाठी तिथे टँकर भरायची जागा बांधायचं ठरलं आणि देखरेखीला नानांना बोलावलं. सिमेंटचा ओटा, टँकरच्या तोंडाशी येईल असा उंच पाइप, लाल अक्षरांत पाटी: हे पाणी पिण्याचं नाही. ठेकेदार म्हणाला, खाली एक तोटी ठेवू. नाना नाही म्हणाले. "तोटी दिसली की माणूस ओंजळ धरतो. किडन्या जातील लोकांच्या."

त्या ओट्याचं काँक्रीट पडत होतं, त्याच दुपारी घरी पुष्पाबाई गेल्या. नानांची बायको. छातीत कळ आली, पाणी मागितलं. नळ बारा दिवसांनी येतो, माठ रिकामा. शेजारच्या वच्छलाबाई आपल्या घरून तांब्या आणायला धावल्या. त्या परत येईस्तोवर सगळं आटोपलं होतं. तोंडात थेंब पडला नाही. नानांनी कुणाला बोल लावला नाही. जेवण तेवढं कमी झालं.

मग गेल्या वर्षीची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आली. आपल्याकडे त्या दिवशी गेलेल्यांच्या नावाने घागर भरतात, त्यांची तहान भागावी म्हणून. पुष्पाबाईंची ही पहिलीच घागर. आदल्या रात्री साडेअकराला विहिरीवरचा राखणदार लीलाधर, त्याचा फोन आला. "नाना, मी सणाले घर चाललो. व्हॉल्व्ह गळस वाटतं. एक चक्कर मारा ना."

नानांनी स्कूटर काढली. रस्त्यावर चिटपाखरू नाही, चांदणं नाही. व्हॉल्व्ह गळत नव्हता. तरी त्यांनी व्हॉल्व्हचं चाक आवळलं आणि वळले.

ओट्यावर कुणीतरी बसलं होतं.

पाइपाखाली. एक बाई. डोक्यावर पदर.

"टँकर सकाळी भरतात, बाई."

"घोटभर पानी द्या ना."

तो आवाज... नानांच्या हातात बॅटरी होती. ती लावायला बोट हललं नाही म्हणतात.

"पुष्पा?"

"तहान लागनी." ओंजळ वर झाली. "चाक फिरावा ना."

नानांचा हात चाकावर गेला. गेला, पोरांनो. आणि थांबला.

"हाई पेवानं पानी नई शे." ते बोलीत म्हणाले. बोलीत ते फक्त तिच्याशीच बोलत.

ती हसली. हळूच. "आते माले काय व्हई?"

"थांब. घरनं गोडं पानी लई येस."

"नका जाऊ..."

नाना गेले.

घागरीसाठी राखून ठेवलेल्या पाण्यातला तांब्या भरला. एका हाताने स्कूटर, एका हातात तांब्या. परत आले.

ओटा रिकामा.

हाक मारली. पुन्हा मारली...

उजाडलं तेव्हा टँकरवाल्यांना ते तिथेच दिसले, तांब्या धरून. मला निरोप आला म्हणून मी गेलो. माझ्याकडे न बघता एवढंच म्हणाले, "रुपचंद, मेलेल्या माणसाच्या किडन्यांची काळजी केली मी."

मी त्यांना घरी घेऊन आलो.

आता तिथे दिवसभर टँकर भरतात. पाणी सांडतं, ओटा चिंब असतो. पाइपाखाली बसलेल्या बाईएवढी एक जागा मात्र कोरडी. मी उतार मोजून पाहिला. चुकलोही असेन, पण जागा सखल आहे, तिथे पाणी साचायला हवं. नाना रोज संध्याकाळी घरून गोड्या पाण्याचा तांब्या नेतात आणि त्या जागेवर ओततात.

पाणी तिला वळसा घालून जातं.